बुचकळून की शिंपडून

सलोमीबाई साळवे लग्न होऊन अलिबागला आल्या आणि समुद्राकडे पाठ करून राहिल्या. किनारा त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्यांची खुर्ची कायम रस्त्याकडे तोंड करून. नवरा होता तोवर, पाहुणे आले की समुद्र दाखवायला त्याला पाठवायच्या आणि स्वतः चहा टाकायच्या.

"एवढं पाणी, आणि एक घोट पिता येत नाही," त्या म्हणायच्या. "बघायचं तरी काय त्यात?"

त्या नगरकडच्या. लहानपणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणि कमरेवर पाणी आणलेलं. कोकणात इतकी वर्षं काढली तरी पाण्याचा हिशोब त्यांनी नगरचाच ठेवला. तांदळाचं धुवण भांड्यांना, भाजीचं पाणी झाडांना, आणि अंघोळ अर्ध्या बादलीत. शेजाऱ्यांचा नळ ठिबकत असला तर कुंपणावरून हाक जायची, "अहो, नळ रडतोय तुमचा, गप्प करा त्याला!" कालवणातही तोच बाणा. खोबरं घातलं की कालवण मवाळ होतं असं त्यांचं ठाम मत होतं, आणि नारळाच्या झाडाखाली बसून त्या शेंगदाण्याची आमटी करत.

मला यादी केल्याशिवाय काही सुचत नाही. सलोमीबाईंबद्दल लिहायला बसले तेव्हाही यादीच काढली. पहिला मुद्दा पाणी. दुसराही पाणीच आला, तेव्हा यादी बाजूला ठेवली.

बालवाडीत त्यांनी इतकी वर्षं शिकवलं की अर्ध्या अलिबागची नाकं त्यांच्या पदराला ओळखीची होती. कोर्टातले काळ्या कोटातले वकील त्या रस्त्यात दिसल्या की आधी नाक पुसत आणि मग नमस्कार करत. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, पण मीही त्यांना बाईच म्हणे. आमच्या ख्रिस्ती मंडळीची सेक्रेटरी म्हणून मी बाप्तिस्म्यांचं रजिस्टर किंवा काही कागद घेऊन गेले की त्या मला 'सेक्रेटरीबाई' म्हणत. खुशीत असल्या तर 'शीला'.

आमच्या देवळात (आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो) बाप्तिस्म्यासाठी जे भांडं वापरतात ते सलोमीबाईंचं. दोन कड्यांचं लहानसं पितळी घंगाळ. माहेरहून आंदण आलेलं. त्या नवी नवरी असताना देवळातला काचेचा वाडगा फुटला आणि दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा होता, तेव्हा त्यांनी आपलं घंगाळ चिंचेनं घासून आणून दिलं. "वापरायला दिलंय, द्यायला नाही," हे त्यांनी तेव्हाच्या पाळकसाहेबांना सांगितलं आणि नंतरच्या प्रत्येक पाळकसाहेबांना नव्यानं सांगितलं. प्रत्येक बाप्तिस्म्यानंतर घंगाळ त्यांच्या घरी जाई आणि पुढच्या बाप्तिस्म्याला परत येई.

त्या घंगाळात पाणी देवळाच्या विहिरीचं, आणि कोमट. बाळाला अंघोळ घालताना बघतात तसं त्या कोपर बुडवून बघत. मग पाळकसाहेबांचा हात धरून पाण्यात ठेवत. "आधी हात शेकून घ्या. देवाचं झालं तरी कपाळ पोराचंच आहे." त्यांच्या राज्यात बाप्तिस्म्याला सहसा कुठलं बाळ रडलं नाही. एकदा एक रडलं, तर त्यांनी बाळाच्या बापाकडे असं पाहिलं की तोच दचकून 'सॉरी' म्हणाला.

उरलेलं पाणी मोरीत जात नसे. ते देवळामागच्या कढीपत्त्याला. त्या झाडाची पानं सगळे नेत, त्यामुळे अलिबागच्या समस्त शिंपडलेल्या जनतेचं पाणी समस्त जनतेच्या आमटीत उतरत असे. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच बरी आमटी होते. तुम्हाला वाटतं खोबऱ्यानं."

अशा बाईंच्या घरात बुडवणारे शिरले.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या जुन्या मंडळीत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतात. आईबाप बाळाच्या वतीनं वचन देतात, पाळक कपाळावर तीनदा पाणी शिंपडतात. मूल मोठं झालं की तेच वचन स्वतःच्या तोंडानं घेतं, त्याला दृढीकरण म्हणतात. नव्या मंडळ्यांचं म्हणणं वेगळं. तान्ह्याला काय कळतं? आधी माणसानं विश्वास धरावा, मग समजून उमजून पाण्यात उतरावं, आणि सबंध अंग पाण्याखाली जावं. दोन्हीकडचे एकच पुस्तक उघडतात आणि दोघांनाही त्यात आपापलंच सापडतं. आमच्याकडे त्यांना गमतीनं 'बुडवणारे' म्हणतात आणि ते आम्हाला 'शिंपडणारे'. कधी कधी गमतीनं नाही.

सलोमीबाईंचा एकुलता एक मुलगा आशिष पनवेलला नोकरीला लागला, तिथेच संसार थाटला आणि अशाच एका मंडळीत जाऊ लागला. त्याला मुलगी झाली, कृपा. बातमी आली त्याच दिवशी सलोमीबाईंनी घंगाळ घासायला घेतलं. मी गेले तेव्हा ते आधीच लखलखत होतं आणि तरीही त्या घासत होत्या.

महिन्याभरानं आशिष आला आणि त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. कृपाचा बाप्तिस्मा आत्ता करायचा नाही, ती मोठी होऊन ठरवेल. आणि त्याला स्वतःला नव्यानं बाप्तिस्मा घ्यायचाय, पाण्यात उतरून. मी ओट्यावर हिशोबाचे कागद घेऊन बसले होते. उठून जावं की बसावं, कळेना. बसले.

"मोठी होऊन ठरवेल," सलोमीबाई म्हणाल्या. "लस टोचताना विचारलंस तिला?"

"आई, ती वेगळी गोष्ट."

"भात भरवशील तेव्हा विचारशील?"

"आई."

"बरं, तिचं राहू दे. तुझा झालाय. मी मांडीवर घेऊन बसले होते. एकदा झाला तो झाला. जन्म दोनदा घेतो का कुणी?"

"तेव्हा माझ्या वतीनं तू हो म्हणालीस. मला एकदा स्वतः म्हणायचंय."

"दृढीकरणाला कोण बोललं मग, पोपट?"

आशिष हसला. बाईंसारखाच उंच, हाडापेरानं मोठा माणूस. हसला की बालवाडीतला दिसतो. "तेव्हा सगळे बसले म्हणून मी बसलो. नवा शर्ट मिळणार होता."

सलोमीबाई हसल्या नाहीत. त्यांनी घंगाळ उचललं, आत नेलं, आणि आतूनच बोलल्या. "तुला बोलता येत नव्हतं, मान धरता येत नव्हती, तेव्हा देवानं तुला आपलं म्हटलं. तू काही करायच्या आधी. तेच तर आहे त्या पाण्यात. ते पुसून काढायचं म्हणतोस तू."

"पुसत नाही गं. पुरं करतोय."

"म्हणजे माझं कमी पडलं."

आशिषनं पायांत चपला सरकवल्या. जाताना त्यानं मला फाटकापाशी गाठलं. "मावशी, मी हे करणार आहे. पण आई तिथं नसेल तर माझ्यानं धड व्हायचं नाही. तिला आणा कसंही."

त्याचे पास्टर (आमचे ते पाळक, त्यांचे ते पास्टर) विजय नावाचे, पुण्याकडचे, तरुण आणि हसतमुख. ते मुद्दाम बाईंना भेटायला आले. सोबत पुस्तक, खुणेच्या रंगीत चिठ्ठ्या लावलेलं. बाईंनी चहा दिला, करंज्या दिल्या, आणि स्वतःचं पुस्तक काढलं. त्याला चिठ्ठ्यांची गरज नव्हती, ते आपणहून हव्या त्या पानावर उघडत असे.

पास्टर म्हणाले, प्रभू यार्देन नदीत उतरले होते. बाई म्हणाल्या, यार्देन आमच्या गावच्या ओढ्याएवढी असली तर? पास्टर म्हणाले, उतरले म्हणजे खोल असणार. बाई म्हणाल्या, याच पुस्तकातल्या बंदिशाळेच्या नायकानं रातोरात घरादारासकट बाप्तिस्मा घेतला, तिथं नदी कुठून आणली?

"हौद असेल," पास्टर म्हणाले.

"तुमच्या हौदाला 'असेल' चालतं, आणि माझ्या घंगाळाला चालत नाही?"

पास्टरांनी दुसरी करंजी घेतली. वादात माणूस खातोय म्हणजे हरत नाहीये किंवा त्याला हरायची फिकीर नाहीये. मला ते पास्टर तिथेच आवडले. ते म्हणाले, "सलोमीआई, बुडवून बाप्तिस्मा घेण्यात अर्थ असा की जुना माणूस बुडतो..."

"थांबा, पास्टरभाऊ. तो शब्द माझ्या घरात नको."

"कुठला?"

"बुडवणं. आमच्याकडं पीक बुडतं, पतपेढी बुडते, माणूस दुसऱ्याचे पैसे बुडवतो. चांगलं असं काही बुडालेलं मी ऐकलं नाही. माझ्या पोराला तुम्ही बुडवणार म्हणता, आणि मी हसत बघायला यायचं?"

पास्टर खरंच विचारात पडले. "मग काय म्हणू?"

"बुचकळणं म्हणा. कपडा बुचकळतात. आत जातो, बाहेर येतो, स्वच्छ निघतो. त्यात कुणी मरत नाही."

"बुचकळून बाप्तिस्मा," पास्टरांनी म्हणून पाहिलं. मग पुन्हा म्हटलं. मग वहीत लिहून घेतलं. पुढे त्यांच्या पनवेलच्या मंडळीत हाच शब्द रूढ झाला असं आशिष सांगे. बाईंनी यावर फक्त भुवई उचलली. शब्द दिला म्हणजे संमती दिली असं नव्हे. "या खुशाल. तुमचं ते अलिबागच्या समुद्रात करा, मांडव्याला करा, कुठंही करा. मी समुद्रावर येणार नाही."

ठरला अलिबागचाच किनारा. आशिषची इच्छा. आणि पनवेलच्या मंडळीला इथलं काही ठाऊक नाही म्हणून तयारी माझ्याकडे आली. शिंपडणाऱ्यांची सेक्रेटरी बुडवणाऱ्यांचा चहा सांभाळणार, यावरून आमच्या कमिटीत जरा खाकरणं झालं, पण यादी करायची म्हटलं की माझा नाइलाज असतो. टॉवेल, चटया, कपडे बदलायला आडोसा, थर्मास, पोहे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या. सगळं आलं. रविवारी सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं आली, पेटी आली, गाणी सुरू झाली. आशिष पांढऱ्या झग्यात तयार. कृपा तिच्या आईच्या कडेवर.

आणि समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण कुठेतरी तिकडे, किल्ल्याच्या बाजूला. ओहोटी लागून तो मनसोक्त मागे सरला होता. इथून तिथवर ओली वाळू. मला वाटलं होतं आशिष बघेल, तो इथलाच. आशिषला वाटलं पास्टर बघतील, कार्यक्रम त्यांचा. पास्टर पुण्याकडचे, समुद्र मधेच निघून जातो हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"परत कधी येईल?" त्यांनी मला विचारलं, जणू मी त्याच्यासाठी चहा झाकून ठेवणार होते.

"दुपारी."

पण दुपारी सगळ्यांना पनवेलला पोहोचायचं होतं. तेव्हा वरात निघाली. पुढे पास्टर, मागे झगा सावरत आशिष, मागे पेटी, मागे आम्ही. किल्ल्याकडे जाणारा एक घोडागाडीवाला आमच्या बाजूनं गेला आणि ओरडला, "पानी गेलाय वो! किल्ल्याला जायाचा हाय तं बसा गारीन, चालत कशाला जाताव?" पेटीवाल्याला बसावंसं वाटत होतं, पण पास्टरांनी त्याच्याकडे पाहिलं.

शेवटी पाणी लागलं. घोट्याएवढं. पुढे गेलो, गुडघ्याएवढं. त्यापुढे चिखल लागला. "इथेच," पास्टर म्हणाले.

मी मागे वळून किनाऱ्याकडे पाहिलं. खूप वेळा पाहिलं होतं. या वेळी वाळूवर एक माणूस दिसलं, एकटं, चालत येणारं. कमरेवर काहीतरी चकाकत होतं.

सलोमीबाई. कमरेवर घंगाळ, घंगाळात पाणी, खांदे सरळ, नजर समोर. ती चाल मी कधी पाहिली नव्हती. विहिरीवरून घरी येणाऱ्या मुलीची चाल होती ती. कुठेही घाई नाही आणि थेंब सांडत नाही. ज्या अंतरानं आम्हा सगळ्यांना धाप लागली होती ते त्यांनी गप्पांना निघाल्यासारखं तोडलं.

"बाई, तुम्ही येणार नव्हतात ना?" मी विचारलं.

"आले नाहीच मी. खारं पाणी अंगावर वाळलं की खाज सुटते. पोरगं तसंच गाडीत बसणार होतं का? गोडं पाणी आणलंय, देवळाच्या विहिरीचं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आणलंय कोमट."

त्या पाण्याच्या कडेला थांबल्या. लाट आली की एक पाऊल मागे. आशिषनं त्यांना पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून पेटीवाल्याचा सूर चुकला.

पास्टरांनी त्याला विचारलं, विश्वास धरतोस का. तो इतक्या मोठ्यानं "हो" म्हणाला की किल्ल्याकडून परतणाऱ्या घोडागाडीवाल्यानं गाडी थांबवली. पास्टरांनी त्याला पाण्यात बसवलं, पाठीखाली हात दिला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं म्हटलं आणि त्याला मागे रेलवलं. डोकं पाण्याखाली गेलं, आणि दोन गुडघे भुईतून कोंब यावेत तसे वर आले.

"पाय सरळ करा," कुणीतरी सुचवलं.

दुसऱ्यांदा रेलवलं. गुडघे गेले, छाती वर आली. पास्टर घामाघूम. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला जवळजवळ घडी घालून दाबलं. गुडघे खाली, छाती खाली, कान खाली, हनुवटी खाली. पाण्याच्या वर राहिलं फक्त कपाळ. गोल कपाळ, उन्हात चमकणारं, आणि खाली नाकातून बुडबुडे.

पनवेलची मंडळी कुजबुजली. सबंध अंग म्हणजे सबंध अंग. पास्टर चौथ्यांदा जोर काढायला वाकले.

"अहो, गुदमरेल की तो!" सलोमीबाई ओरडल्या, आणि चालत पाण्यात शिरल्या. घोटा, पिंढरी, गुडघा. लुगड्याचा घोळ पाण्यावर पसरला. इतकी वर्षं ज्याच्याकडे पाठ केली होती तो त्यांच्या गुडघ्याशी हुंदडत होता आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांनी घंगाळ मुलाच्या डोक्यावर धरलं.

"कपाळ राहिलंय ना? एवढंच ना?"

पास्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, घंगाळाकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं नाही म्हणतील. मग त्यांच्या पोटातून हसू फुटलं. "ओता, सलोमीआई."

त्यांनी ओतलं. त्या कपाळावर, त्याच घंगाळातून. ज्या जागी पहिल्यांदा पडलं होतं तिथेच. आशिष फुरफुरत उठून बसला आणि म्हणाला, "आई, कोमट आहे!"

"मग? गार ओतू?"

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या घोडागाडीवाल्यानं. मग पेटी लागली, आणि गाणं असं काही म्हटलं गेलं की किल्ल्याकडून येणारी माणसं थांबून ऐकू लागली.

पोह्यांच्या वेळी वाद सुरू झालाच. आमच्यातला एकजण म्हणाला, खरा शेवटी शिंपडूनच झाला. त्यांच्यातला म्हणाला, छे, बुचकळून झाला, ते पाणी नुसतं राहिलेल्या जागेपुरतं. दोघेही सलोमीबाईंकडे वळले. त्या मुलाचं डोकं खसाखसा पुसत होत्या.

"त्यालाच विचारा, कुठलं पाणी कुठलं ते. मला तर तो नुसता ओला दिसतोय."

कृपाबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मनातून सोडलं असं मला वाटत नाही, पण बोलल्या नाहीत. वर्षभरानं त्या पनवेलला राहायला गेल्या, कारण आशिष आणि सून दोघंही कामावर आणि मुलीला सांभाळायला कुणी नाही. घंगाळ घेऊन गेल्या. आमच्या देवळासाठी स्टीलचा वाडगा घ्यावा लागला. मी विचारलं, बाई, देऊन टाकत का नाही? म्हणाल्या, "वापरायला दिलं होतं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पनवेलच्या त्या घरात. पुढच्या वर्षी झोपेतच गेल्या. पण त्या दिवशी मी सोबत देवळामागचा कढीपत्ता नेला होता आणि दार उघडंच होतं. बाल्कनीत कृपा होती, आता चांगली बोलणारी. तिनं सगळ्या बाहुल्या ओळीनं बसवल्या होत्या आणि त्या निथळत होत्या. ओळीच्या शेवटी, पाटावर, सलोमीबाई. डोळे मिटून, हात जोडून.

"आजी, बुचकळू की शिंपडू?"

"तुझ्या मनानं, बाई."

कृपानं विचार केला. मग दोन्ही कड्या धरून अख्खं घंगाळ आजीच्या डोक्यावर उपडं केलं.

अर्ध्या बादलीत अंघोळ करणारी ती बाई नखशिखांत भिजली. श्वास अडकला, केस सुटले, आणि मग त्या इतक्या हसल्या की पाट डुगडुगला. डोळ्यांतलं पाणी निपटताना त्यांना मी दिसले.

"सेक्रेटरीबाई, रजिस्टर मिटा," त्या म्हणाल्या. "माझा दुसऱ्यांदा झाला."

आणि हसत हसतच, फरशीवरून वाहत चाललेल्या पाण्याच्या वाटेत त्यांनी पायानं कढीपत्त्याची कुंडी सरकवली.